हिच्या कॉम्प्युटरला नवं कार्ड

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज हिचा कॉम्प्युटर तीन वेळा हँग झाला. तिसऱ्या वेळी ही काही बोलली नाही, नुसती खुर्ची मागे सरकवून बसून राहिली. ही गप्प बसली की घरात काहीतरी ठरतंय, हे मी एकोणचाळीस वर्षांच्या अनुभवाने ओळखतो. म्हणून वही पुन्हा उघडली. निवृत्त झाल्यापासून दोनदा सुरू केली होती, पण ‘सकाळी उठलो, फिरून आलो’ याच्या पुढे गाडी गेली नव्हती.

ही पाणीपुरवठा कार्यालयात चौतीस वर्षं नकाशे काढत होती. शहराच्या पोटातून कुठला पाइप कुठून गेलाय, कुठे वळलाय, कुठला व्हॉल्व्ह किती खोल आहे, हे हिने स्वतः खड्ड्यांत उतरून मोजलं आणि कागदावर काढलं. ते कागद कार्यालयाच्या तळघरात होते. मागच्या वर्षी त्याच तळघरातला पाइप फुटला आणि कागदांचा लगदा झाला. पाणीखात्याचे नकाशे पाण्यात गेले, असा एक विनोद मी तेव्हा केला होता. तो हिला आवडला नव्हता.

हिच्या मोजमापांच्या एकेचाळीस वह्या मात्र आमच्या कपाटात शाबूत आहेत. या महिन्याच्या चोवीस तारखेला प्रसूतिगृहामागचा रस्ता खोदणार आहेत. त्या रस्त्याखालून जुनी मोठी लाइन जाते. प्रसूतिगृहाला आणि निम्म्या शहराला तिचंच पाणी. ती नेमकी कुठे वळते हे आज कोणालाच छातीठोकपणे सांगता येत नाही. हिच्या हाताखाली शिकलेली एक मुलगी आता तिथे इंजिनिअर आहे (मी तिला धाकट्या मॅडम म्हणतो). ती महिन्यापूर्वी घरी आली आणि म्हणाली, “मॅडम, तुम्हीच आता.” तेव्हापासून ही कॉम्प्युटरवर सगळ्या बाजूंनी फिरवून बघता येईल असा नकाशा करतेय. थोडे पाइप असले की चालतो. सगळे एकदम घेतले की मशीन मान टाकतं.

संध्याकाळी ही म्हणाली, “याला वेगळं ग्राफिक्स कार्ड लागणार. चित्र काढायचं काम ते अंगावर घेईल.”

मी म्हटलं, “नवीन कॉम्प्युटरच घेऊ. नाहीतर धाकट्या मॅडम कार्यालयातला देतायत, त्यावर कर.”

“नको. या मशीनवर बोट कुठे ठेवायचं ते मला ठाऊक आहे.”

मशीन अकरा वर्षांचं आहे. सुटे भाग आणून हिनेच जोडलेलं. मला हा हट्ट वाटतो. तोंडावर बोललो नाही, इथे लिहून ठेवतो.

६ फेब्रुवारी, गुरुवार

दुकानात जाऊन आलो. दुकानदार चाळिशीचा, बोलका. टेबलावर पाच-सहा मशीनं पोट उघडून पडलेली.

“अकरा वर्षांचं मशीन?” तो म्हणाला. “काकू, जुन्या सदऱ्याला नवा खिसा लावण्यातला प्रकार आहे.”

“सदरा मापाचा आहे,” ही म्हणाली. “खिसाच हवाय.”

तो हसला आणि आतून एक खोकं घेऊन आला. कार्ड म्हणजे पत्त्यासारखं काहीतरी चपटं असेल अशी माझी समजूत. ही तर चांगली वीट निघाली, वर दोन पंखे. तो खोक्यावरची माहिती वाचून दाखवणार, तेवढ्यात हिने हात पुढे केला, “माझ्या हातात द्या.” मग कार्डावर वीत टाकली, उरलेल्या भागावर चार बोटं ठेवली आणि म्हणाली, “दोनशे चाळीस. फार तर बेचाळीस मिलिमीटर.”

त्याने खोकं फिरवून वाचलं. दोनशे बेचाळीस.

“आमच्या मशीनमध्ये दोनशे तीसच जागा आहे,” ही म्हणाली. “पण आड येते ती हार्ड डिस्क. ती वरच्या खणात नेली, तिचा रिकामा सांगाडा काढला की बसेल. जुना पॉवर सप्लाय तीनशे वॉटचा, तो नाही पुरणार. मोठा द्या, आणि त्याला आठ पिनांची वायर हवी.”

“सहा आणि दोन अशा जोडून येतात, काकू.”

“चालेल.”

मी नुसता पिशवी धरून उभा. आयुष्यभर छापखान्यात मुद्रितं तपासली, स्वल्पविरामाची चूक दहा हातांवरून दिसायची. पण माझी बायको खोकं न बघता मिलिमीटर सांगते, हे मी आज पहिल्यांदा पाहिलं.

सामान बांधताना दुकानदाराने मला हळूच विचारलं, “काका, काकूंचं हे किती दिवसांपासून?”

“चौतीस वर्षं,” मी सांगितलं. थोडी मान ताठ करूनच.

तो माझ्याकडे बघत राहिला. “नाही, म्हणजे त्या सगळं बोटांनी बघतात.”

“तेच तर. तयार हात आहे.”

त्याने चिठ्ठीवर स्वतःचा नंबर लिहून दिला, म्हणाला, अडलं तर केव्हाही फोन करा, कमीपणा वाटून घेऊ नका. भला माणूस.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

हे कुठेतरी लिहायलाच हवं. ही हल्ली माझ्याकडे सरळ बघत नाही. बोलताना मान जराशी वळवते आणि तिरकी बघते. दिवाळखोर भाडेकरूकडे बघावं तशी. गेल्या महिन्यात हिच्या बहिणीबद्दल मी एक वाक्य बोललो होतो, ते मनात धरलं असणार. आज चहा घेताना सरळ माफी मागून टाकली.

ही म्हणाली, “कशाबद्दल?”

म्हणजे राग फारच खोल आहे.

दुसऱ्या बाजूने बघावं तर पेपर रोज मलाच मोठ्याने वाचायला लावते. म्हणते, तुमच्या आवाजात बातम्या कमी वाईट वाटतात. बायकोचं मन कळणं कठीण, हे वाक्य मी इतरांच्या पुस्तकांत शेकडो वेळा तपासलंय.

९ फेब्रुवारी, रविवार

आज शस्त्रक्रिया. सकाळी नऊला जेवणाचं टेबल खिडकीपाशी ओढलं, त्यावर जुनी चादर अंथरली आणि मशीन आडवं केलं.

हिने आधी सगळ्या वायरी काढायला लावल्या. मग वीज नसतानाही चालू करायचं बटण दाबायला सांगितलं. मी विचारलं कशाला, तर म्हणाली, आत उरलेली वीज निघून जाते. मग म्हणाली, “आता कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा. अंगातली पण जाऊ दे.” माझ्या अंगात वीज आहे असं या घरात बऱ्याच वर्षांनी कोणी म्हटलं.

झाकण उघडलं. अकरा वर्षांची धूळ, गोधडी घालून बसल्यासारखी. ती रंगाच्या ब्रशने काढण्यात तास गेला. जुना पॉवर सप्लाय हिने स्वतः काढला. मी बॅटरी धरली होती. ही म्हणाली, “तुम्हाला दिसेल अशी धरा.” मला बरं वाटलं, माझाही विचार करते म्हणून. हिची बोटं वायरींच्या गुंत्यातून अशी फिरत होती की मी वर्णन करायला कमी पडेन. एकेक वायर चिमटीत धरायची, टोकाच्या प्लगवरून अंगठा फिरवायचा, कुठली ते सांगायची. “ही पंख्याची. ही डिस्कची. ही मोठी, चोवीस पिनांची, हिला बाजूला खटका असतो, तो दाबल्याशिवाय ओढू नका.” वीस मिनिटांत जुना बाहेर, नवा आत.

स्क्रू मात्र सगळे मला लावायला दिले. लग्नानंतर या घरात भिंतीत खिळा ठोकायचासुद्धा मला मज्जाव होता, कारण पहिल्या वर्षी मी एक खिळा थेट शेजारच्या घरात काढला होता. त्यामुळे आजचा विश्वास मला मोठाच वाटला. एक स्क्रू हातातून सुटून मदरबोर्डच्या मागे गेला. मी वाकून, डोळे ताणून शोधतोय. हिने मशीन हळूच दोन्ही हातांनी तिरकं केलं, कान लावला, परत तिरकं केलं. खण्ण झालं. “डाव्या कोपऱ्यात.” तिथेच होता.

मग डिस्क वर नेली, तिचा रिकामा सांगाडा काढला, मागच्या दोन पट्ट्या काढल्या आणि कार्ड स्लॉटवर टेकवलं. ही म्हणाली, “दोन्ही टोकांना सारखा जोर द्या. टक् ऐकू येईपर्यंत.” मला जोर द्यायची भीती वाटत होती. ही म्हणाली, “अहो, ते काच नाही.” टक् झालं. मी स्क्रू पिळला. वायर लावली. सगळं जोडलं आणि बटण दाबलं.

पंखे फिरले. पडदा काळा. आतून आवाज आला, एक लांब, दोन आखूड.

मी म्हटलं, “गेलं वाटतं.”

“गेलेलं मशीन बोलत नाही,” ही म्हणाली. “एक लांब आणि दोन आखूड म्हणजे चित्राच्या कार्डाची तक्रार. बंद करा.”

मी बॅटरी घेऊन सगळं तपासलं. मला सगळं ठीक दिसलं. हिने कार्डाच्या कडेवरून बोट नेलं, वायरीच्या प्लगपाशी थांबली. “इथे दोन भोकं रिकामी आहेत.”

सहाचा प्लग मी लावला होता, शेजारचा दोनाचा तसाच लोंबत होता. आठ भोकं माझ्या डोळ्यांसमोर होती आणि मी ती बघून पुढे गेलो होतो.

तो लावला. आवाज थांबला. पडदा तरीही काळा. तेव्हा हिने मागे हात घालून पडद्याची वायर चाचपली आणि शांतपणे म्हणाली, “ही तुम्ही जुन्याच जागी लावलीत. आता चित्र नवं कार्ड काढणार. वायर त्याच्या पाठीला लावा.”

लावली. तरीही काळा.

तेव्हा मात्र हीसुद्धा बसली. साडेचार वाजले होते. आम्ही दोघांनी दुपारचं जेवण केलेलं नाही हे तेव्हा लक्षात आलं.

१० फेब्रुवारी, सोमवार

दुकानदाराला फोन केला. त्याचं म्हणणं, कार्ड नवं आणि मशीनचा बायोस जुना. बायोस म्हणजे बटण दाबल्यावर सगळ्यात आधी जागा होणारा प्रोग्राम. त्याला या कार्डाची ओळखच नाही. कंपनीने त्यासाठी नंतर नवा बायोस काढलाय, तो चढवावा लागेल. “पण काका, चढवताना मधेच वीज गेली तर मदरबोर्ड कायमचा गेला समजा. मी दुकानात करून देतो, इथे बॅटरीची सोय आहे.”

हिला सांगितलं. मी म्हटलं, उद्या रिक्षा करून मशीन घेऊन जाऊ. ही म्हणाली, “त्याच्याकडे सोय आहे, तर तो तिथेच करील. पण मी बरोबर बसणार.”

मला वाटलं होतं, ही हट्टाने घरीच करेल. हट्ट कुठे धरायचा आणि कुठे सोडायचा हे हिला बरोबर कळतं. मला दोन्ही ठिकाणी चुकतं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

दुकानात पडद्यावर एक पट्टी हळूहळू भरत होती. ही डोळे मिटून बसली होती आणि दर थोड्या वेळाने विचारत होती, “किती?”

“बारा टक्के.”

“आता?”

“एकतीस.”

सदुसष्टवर पट्टी थांबली. दोन मिनिटं हलेना. दुकानदाराने हातातला चहा खाली ठेवला. मी विचारलं, बंद करून परत लावायचं का, तर दोघंही एकदम “नाही” म्हणाले. ही म्हणाली, “धीर धरा. आत काम चाललंय. पंख्याचा आवाज बदललेला नाही.”

अडुसष्ट. मग एकदम ऐंशी. मग शंभर.

कार्ड बसवलं, बटण दाबलं, आणि पडद्यावर चित्र आलं. दुकानदाराने हिच्यापुढे हात जोडले. चेष्टेने नव्हे. म्हणाला, “काकू, माझ्याकडे येऊन बसा. निम्मी दुरुस्ती आवाजावर होईल.”

१२ फेब्रुवारी, बुधवार

ड्रायव्हर म्हणून आणखी एक प्रोग्राम चढवायचा होता, तो सकाळी चढवला. मग हिने प्रसूतिगृहाच्या भागाच्या नऊच्या नऊ वह्यांचे पाइप एकदम उघडले आणि माउस फिरवला.

मी मागे उभा होतो. रस्ता काचेचा होऊन वर राहिला आणि खाली निळे, हिरवे, तपकिरी पाइप, एकमेकांखालून जाणारे, कुठे खाली बुडी मारणारे, कुठे दोन जोडून चालणारे. हिने हात हलवला की सगळं शहर अलगद कलंडायचं. कुठे अडखळणं नाही. ज्या रस्त्यावरून मी छत्तीस वर्षं छापखान्यात जात होतो, त्याच्याखाली एवढं सगळं आहे आणि ते या बाईच्या डोक्यात होतं. डबा भरून देताना, पोरीचा अभ्यास घेताना, हे सगळं डोक्यात होतं.

मी म्हटलं, “सुंदर आहे.”

ही म्हणाली, “रंग ठळक दिसतायत ना? अजून गडद करते.”

१५ फेब्रुवारी, शनिवार

रोज दहा ते एक आणि तीन ते सहा. मी वही वाचतो, ही पाइपांचे आकडे पडताळते आणि व्हॉल्व्हचे घालते. पडद्यावरची अक्षरं हिने एवढी मोठी केलीत की एका वेळी दोनच ओळी मावतात. काळ्यावर पांढरी. मी म्हटलं, हे दुकानाच्या पाटीसारखं दिसतं. ही म्हणाली, मला पाटीच आवडते.

आज एक प्रकार झाला. मी वाचलं, “व्हॉल्व्ह, खोली आठ फूट.” हिचा हात थांबला.

“आठ नाही. तीन असेल.”

“आठ आहे. मी वाचतोय ना.”

“तिथे आठ फूट खोदताच येत नाही, खाली खडक आहे. माझ्या बुटाचा तळ त्या दिवशी फाटला होता. नीट बघा.”

पान खिडकीकडे धरलं. तीनच होता, इंग्रजी आकड्यातला, त्यावर चहाचा डाग पडून कडा जुळल्या होत्या. पंचवीस वर्षांपूर्वीचा आकडा. मी मुद्रितशोधक, आणि माझं मुद्रित ही न बघता तपासते. दिवसभर मी या गोष्टीवर खूश होतो.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आज जे झालं ते जमेल तेवढं सरळ लिहितो.

धाकट्या मॅडम आल्या होत्या. रस्त्याच्या भागाचा छापील नकाशा घेऊन. खाली उजव्या कोपऱ्यात हिने सही करायची होती. हिने पेन घेतलं, कागदावर हात टेकवला आणि सही केली. सही कागदाच्या बाहेर, टेबलावरच्या चादरीवर झाली.

धाकट्या मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मग हिचा हात धरून कागदावर आणला आणि म्हणाल्या, “इथे, मॅडम.” काही झालंच नाही अशा आवाजात. सही झाली. त्या गेल्या.

मी विचारलं, “हे काय होतं?”

हिने पेनाला टोपण लावलं. मग म्हणाली, “बसा.”

डाव्या डोळ्यातलं मधलं दिसणं दीड वर्षापूर्वी गेलं. उजव्यातलं गेल्या पावसाळ्यापासून जातंय. डॉक्टर म्हणतात, मधलं जातं, कडेचं राहतं. पूर्ण आंधळी नाही होणार. पण अक्षर, चेहरा, सुई, सही, समोर जे धरून बघायचं ते सगळं मधलंच असतं. इंजेक्शनं झाली. महिन्यातून एका मंगळवारी जुन्या मैत्रिणींकडे जाते म्हणून सांगायची तेव्हा दवाखान्यात जायची. एकटी, बस बदलून.

मी म्हटलं, “पोरीला माहीत आहे?”

“नाही. कोणालाच नाही.”

“आणि तू माझ्याकडे तिरकी बघतेस ते?”

“सरळ बघितलं तर तुमच्या तोंडाच्या जागी करडा डाग असतो. तिरकं बघितलं की तुम्ही दिसता.”

ही पुढे म्हणाली, “आधी सांगितलं असतं तर तुम्ही मला मशीनला हात लावू दिला असता का? खरं सांगा.”

नसता. खरंच नसता. मी म्हटलं असतं, तू आराम कर, मी बघतो. आणि मला काही बघता आलं नसतं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

रागावलोय. कोणावर ते ठरत नाही. सकाळी फिरायला गेलो तो तीन तास परतलोच नाही. दुकानदाराच्या दारापर्यंत गेलो. त्याने विचारलं, “कळलं?” मी मान हलवली. त्याने स्टूल पुढे केलं. मी बसलो, त्याने चहा मागवला.

घरी आलो तर ही वहीच्या पानावर नाक टेकवून, मान वाकडी करून आकडा वाचायचा प्रयत्न करत होती. एक वाजून गेला होता. मी वही घेतली आणि वाचायला लागलो.

२४ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी आठला प्रसूतिगृहामागे पोचलो. खोदायचं मशीन उभं होतं, ऑपरेटर चढून बसलेला. कंत्राटदाराने त्याच्या यंत्राने रस्ता तपासून खडूच्या खुणा केल्या होत्या. त्याचं म्हणणं, जुनी लाइन रस्त्याच्या पलीकडच्या कडेने सरळ जाते, इथे मधे काही नाही, सुरू करा.

धाकट्या मॅडमनी नकाशा पसरला. नकाशात लाइन कुंपणाच्या कोपऱ्यापासून साडेसहा मीटरवर वळून रस्त्याच्या मधोमध येत होती, दोन मीटर खोल.

कंत्राटदार म्हणाला, “कागद कुठला आहे हा?”

“घरी केलेला,” ही म्हणाली. “तुमचं यंत्र पलीकडचा पाइप दाखवतंय. तो बंद केलेला आहे. मी असताना बंद केला. चालू लाइन इथून वळवली, कारण पलीकडे इमारतीचा पाया आला.”

“बाई, यंत्र चुकत नाही.”

“यंत्र चुकलेलं नाही. त्याला विचारलं काय ते चुकलंय.”

मजुरांतले दोघंजण हसले. कंत्राटदार नाही हसला. त्याने धाकट्या मॅडमना बाजूला घेऊन सांगितलं की अर्धा दिवस वाया गेला तर कोण जबाबदार. मी तिथेच होतो, ऐकत होतो. आत प्रसूतिगृहाच्या खिडकीत कोणीतरी दुपटी वाळत घालत होतं. धाकट्या मॅडमनी एकदा नकाशाकडे, एकदा हिच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “मी जबाबदार. मशीन बंद. हाताने खोदा.”

दोन मजूर उतरले. मी फीत धरली, कोपऱ्यापासून साडेसहा मीटर मोजलं. मग परत एकदा मोजलं, कारण आठ फूट की तीन फूट, प्रत्येक आकडा माझ्याच तोंडून गेला होता. पावणेदोन मीटरपर्यंत नुसती माती. कंत्राटदार घड्याळ बघत होता. मग फावडं ओल्या वाळूत गेलं आणि त्यानंतर लोखंडावर ठण्ण झालं.

आजूबाजूची माती काढली. वळण होतं. नकाशापासून एक वीत पश्चिमेला.

हिला शिडीवरून खाली उतरायचं होतं. मी नको म्हणणार होतो. म्हटलं नाही. पुढे उतरलो आणि हिचे पाय एकेका पायरीवर टेकवत आणले. हिने गुडघ्यावर बसून पाइपाच्या जोडावर दोन्ही हात ठेवले. बोल्ट मोजले. “बारा,” म्हणाली. “बरोबर.” पाइप गार होता आणि आतून पाणी वाहत असल्याचं हाताला कळत होतं.

वर आलो तेव्हा ऑपरेटर मशीनवरून खाली उतरून उभा होता. हिला म्हणाला, “आई, मी सकाळी याच जागी पहिला बकेट मारणार होतो.”

कंत्राटदाराने खडूच्या खुणा बुटाने पुसल्या आणि हिला विचारलं, पुढे आणखी कुठे काय आहे. ही अर्धा तास त्याला सांगत होती. चांगल्या शब्दांत, मागचं काही न उकरता. मी एवढा मोठा मनाचा नाही.

संध्याकाळी पोरीला फोन केला. हिने स्वतः सांगितलं. पोर रडली, मग रागावली, मग शनिवारी येते म्हणाली.

१ मार्च, शनिवार

धाकट्या मॅडम उरलेल्या बत्तीस वह्यांचं विचारायला आल्या होत्या. सगळ्या शहराचा नकाशा हवाय. पोरही आलेली होती. ती म्हणाली, आईला आता आराम करू द्या. ही म्हणाली, “आराम करून डोळे परत येणार असतील तर करते.”

“पण रेषा काढायला कोणीतरी लागेल,” ही म्हणाली. “माझ्याच्याने आता फार दिवस नाही होणार. मी सांगेन. माहितीतलं कोणी सांगा.”

धाकट्या मॅडम नावं आठवायला लागल्या. मी म्हटलं, मी बसतो.

तिघी माझ्याकडे बघायला लागल्या. पोरीला हसू आलं, ते तिने खोकल्यात लपवलं.

दुपारी बसलो. ही शेजारी, खुर्ची जरा तिरकी लावून. दहावी वही उघडली. शाळेजवळची लाइन, लांबी चाळीस मीटर, खोली तीन. सुरुवातीचा बिंदू कसा द्यायचा, शेवटचा कसा द्यायचा, जाडी कुठे लिहायची, हिने एकेक सांगितलं. घाई नाही, आवाज चढवणं नाही. मी चुकलो की थांबायची आणि मीच ओळखेपर्यंत वाट बघायची. हिच्या हाताखालची माणसं इतक्या वर्षांनी घरी का येतात ते मला आज समजलं.

पाऊण तास लागला. शेवटचं बटण दाबलं आणि पडद्यावर माझा पहिला पाइप उमटला. निळा, सरळ, देखणा. मी मागे टेकून बसलो आणि हिच्या बोलण्याची वाट बघितली.

ही म्हणाली, “खोलीपुढचं उणे चिन्ह विसरलात.”

“तुला कसं कळलं? तुला तर दिसत नाही.”

“मधलं दिसत नाही. पण शाळेच्या छपरावरून पाइप गेला, तर तो कडेनेही दिसतो.”

नीट पाहिलं. खरंच जमिनीपासून तीन मीटर वर, हवेत, शाळेच्या छपराला घासून गेला होता. पोर आतून बघायला आली आणि खाली बसून हसायला लागली. हीसुद्धा हसली. हिला असं हसताना कितीतरी महिन्यांत पाहिलं नव्हतं.

मग डोळे पुसून ही म्हणाली, “चला, आता जमिनीखाली घाला.”

घातला.